जागा घ्यावी की पुन्हा परीक्षेस बसावे?

व्यवस्थापनशास्त्राच्या शिक्षणासाठी देशात दरवर्षी नोव्हेंबरअखेर जी सामाईक प्रवेश परीक्षा होते आणि जी ‘कॅट’ या नावाने सर्वांस परिचित आहे, तिचा निकाल लागला म्हणजे आपल्या समाजातील अनेक घरांत एक प्रश्न उभा राहतो. मिळालेल्या गुणांवर जी संस्था दार उघडील तिच्यात प्रवेश घ्यावा, की एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षेस बसावे? निकाल लागल्यापासून प्रवेशाची अखेरची मुदत संपेपर्यंत हा प्रश्न त्या घराची पाठ सोडीत नाही. मुलगा एक बोलतो, वडील दुसरे बोलतात, शिकवणीवर्गाचा चालक तिसरेच सांगतो. आणि उमेदवार मुलगी असली तर लग्नाचा विषय काढून चौथाच निर्णय कोणीतरी परस्पर करून टाकतो.

वरवर पाहता हा एका उमेदवाराचा खाजगी प्रश्न आहे. परंतु ज्या घरात तीन पिढ्या पदवीधर आहेत, त्या घरातील मुलाचे एक वर्ष आणि ज्या घरात तोच पहिला पदवीधर आहे, त्या घरातील मुलाचे एक वर्ष यांचे मोल सारखे नाही. पहिल्या घरात वर्ष गेले तर ते त्या मुलाचे जाते. दुसऱ्या घरात त्याच वर्षावर धाकट्या बहिणीची फी, घराचे भाडे आणि बापाची निवृत्ती अवलंबून असते. म्हणून या प्रश्नाचा विचार आपल्या समाजाने उघडपणे केला पाहिजे.

आमचे मत प्रारंभीच सांगतो. पुन्हा परीक्षेस बसणे योग्य की अयोग्य, याचे सर्वांस लागू पडेल असे उत्तर नाही. परंतु हा निर्णय कोणत्या कारणांनी करू नये, हे मात्र निश्चित सांगता येते. तो लाजेने करू नये आणि भीतीनेही करू नये. ‘राखीव जागेवर आलास’ हा टोमणा चुकविण्यासाठी हातची चांगली जागा सोडणे हे जितके अहिताचे आहे, तितकेच ‘मिळाले ते पुष्कळ झाले’ या उपदेशापुढे मान तुकवून आपल्या कुवतीपेक्षा कमी पत्करणेही अहिताचे आहे. निर्णय हिशेबाने व्हावा. आणि तो हिशेब कसा मांडावा, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

परीक्षेचे स्वरूप नीट समजून घ्या

पुष्कळ पालकांची अशी समजूत असते की, ही परीक्षा शालान्त परीक्षेसारखी आहे; पुन्हा बसून गुण वाढविता येतात आणि न वाढले तर जुने गुण हातात राहतातच. ही समजूत चुकीची आहे. ‘कॅट’ वर्षातून एकदाच होते आणि तिचे गुण फक्त लगतच्या शैक्षणिक वर्षाच्या प्रवेशापुरते ग्राह्य असतात. पुढील वर्षी पुन्हा बसावयाचे ठरविले म्हणजे यंदाचे गुण संपले, त्या गुणांवर मिळणारी जागाही संपली. परदेशी विद्यापीठांसाठी घेतल्या जाणाऱ्या ‘जीमॅट’ परीक्षेची गोष्ट वेगळी आहे. तिचे गुण पाच वर्षे चालतात आणि सोळा दिवसांच्या अंतराने, बारा महिन्यांत पाच वेळांपर्यंत ती देता येते. तेथे पुन्हा बसणे हा काही आठवड्यांचा आणि फीच्या रकमेचा प्रश्न असतो. ‘कॅट’च्या बाबतीत तो एका संपूर्ण वर्षाचा प्रश्न होतो. मात्र या परीक्षेला वयाची मर्यादा नाही आणि कितीदा बसावे यालाही मर्यादा नाही. त्यामुळे यंदा प्रवेश घेतला नाही तर दार कायमचे बंद होते असे नाही. आणि पुन्हा बसल्याने ते अधिक उघडेल असेही नाही.

दुसरी गोष्ट गुणांच्या अर्थाची. निकालपत्रावर जो पर्सेंटाईल, म्हणजे शततमक, छापलेला असतो तो शेकडा गुण नव्हे. आपल्याबरोबर परीक्षा दिलेल्यांपैकी शेकडा किती जण आपल्या बरोबरीला किंवा आपल्या खाली राहिले, हे तो दाखवितो. २०२४ च्या नोव्हेंबरात सुमारे २ लाख ९३ हजार उमेदवारांनी ही परीक्षा दिली. याचा अर्थ एकेका शततमकाच्या पायरीवर सुमारे २,९०० माणसे उभी होती. ८० वरून ९० वर जाणे म्हणजे सुमारे २९ हजार उमेदवारांना मागे टाकणे होय. पुन्हा बसणारा उमेदवार कालच्या स्वतःशी स्पर्धा करीत नाही. तो पुढील वर्षीच्या नव्या समुदायाशी स्पर्धा करतो, आणि त्या समुदायात त्याच्यासारखेच वर्षभर तयारी करून परत आलेले कितीतरी असतात. आपण दहा गुणांनी सुधारलो म्हणून क्रमांक त्याच प्रमाणात वर सरकेल, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

तथापि यातच आशेलाही जागा आहे. २०२४ च्या परीक्षेत एकूण ६८ प्रश्न आणि २०४ गुण होते; वेळ दोन तासांचा, प्रत्येक विभागाला ४० मिनिटे. बरोबर उत्तरास ३ गुण आणि पर्यायी प्रश्नातील चुकीच्या उत्तरास १ गुणाची वजावट. अलीकडील काही वर्षांचा अनुभव असा की, एकूण गुणांच्या निम्मे किंवा त्याहूनही कमी गुण मिळविणारा उमेदवार ९९ शततमकापर्यंत पोचला आहे. म्हणजे ही परीक्षा सर्व काही येणाऱ्याची नाही. काय सोडावे हे ज्याला कळते त्याची आहे. ज्याने पहिल्या खेपेस घाबरून प्रत्येक प्रश्नाला हात घातला आणि वजावटीत गुण घालविले, त्याला दुसऱ्या खेपेस सुधारणेस खरोखर वाव आहे. उलट ज्याने वर्षभर शिस्तीने तयारी केली, सराव परीक्षांत जेवढे गुण पडत होते तेवढेच प्रत्यक्ष परीक्षेत पडले, त्याने स्वतःला विचारले पाहिजे की पुढील वर्षी मी असे निराळे काय करणार आहे?

जे बदलू शकते आणि जे बदलू शकत नाही

हिशेबाची पहिली ओळ येथून लिहावी. व्यवस्थापन संस्था केवळ या एका परीक्षेवर प्रवेश देत नाहीत. दहावी, बारावी व पदवी परीक्षेतील गुण, नोकरीचा अनुभव आणि अखेरीस मुलाखत यांनाही त्या महत्त्व देतात. प्रत्येक संस्थेचे प्रमाण निराळे असते आणि ते तिच्या प्रवेश-धोरणात प्रसिद्ध होते. ते धोरण शिकवणीवर्गाच्या जाहिरातीतून वाचू नये, मूळ पत्रकातून वाचावे. खेड्यातील शाळेत गणिताचे शिक्षक वर्षभर नव्हते म्हणून दहावीला कमी पडलेले गुण हजार वेळा ‘कॅट’ दिली तरी बदलणार नाहीत. ज्या संस्थेच्या धोरणात त्या गुणांना मोठे स्थान आहे, त्या संस्थेसाठी वर्ष खर्च करणे म्हणजे बंद भिंतीवर डोके आपटणे होय. पण ज्या संस्थेत त्यांना कमी महत्त्व आहे, तिचे नाव आपल्या यादीत नसेल तर ते घालणे, हा उपाय फुकटचा आहे.

दुसरी बाब विभागवार किमान गुणांची. भाषा व आकलन, तर्क व माहिती-विश्लेषण आणि गणित अशा तीन विभागांत प्रत्येकी किमान शततमक गाठावा लागतो. एखाद्याचे एकूण गुण उत्तम असूनही एकाच विभागात तो अडतो. आपल्या मराठी माध्यमातील मुलामुलींच्या बाबतीत हा विभाग बहुधा इंग्रजीचा असतो. २०२४ मध्ये या विभागातील २४ प्रश्नांपैकी १६ प्रश्न उताऱ्यांवर होते. व्याकरणाचे नियम पाठ करून किंवा शब्दांच्या याद्या घोकून ते सुटत नाहीत. त्यांना वाचनाची सवय लागते, आणि ती सवय दोन महिन्यांच्या वर्गाने लागत नाही. दररोज तास-दीड तास इंग्रजी लेख, ग्रंथ आणि अग्रलेख वाचण्याची ज्याची सिद्धता आहे आणि तेवढी शांत जागा व वेळ ज्याला मिळू शकते, त्याने या एका कारणासाठी पुन्हा बसणे पूर्णतः समर्थनीय आहे. ज्याला ती मिळणे शक्य नाही, त्याने आधी ती कशी मिळेल याची व्यवस्था करावी आणि मगच अर्ज भरावा.

तिसरी बाब मुलाखतीची. कित्येकांना मुलाखतीची बोलावणी येतात, पण अंतिम यादीत नाव येत नाही. असे उमेदवार निराश होऊन पुन्हा गणिताच्या वर्गाला नाव घालतात. हे रोग एका अवयवाचा आणि औषध दुसऱ्याला, अशातले झाले. ज्याला बोलावणे आले त्याची परीक्षा झालेली आहे. त्याला गरज आहे ती बोलण्याच्या सरावाची, आपल्या विषयाच्या उजळणीची आणि ‘तुला व्यवस्थापनच का शिकावयाचे आहे’ या प्रश्नाला घोकलेले नव्हे तर स्वतःचे उत्तर देण्याची. हा सराव ज्याच्या घरी इंग्रजी बोलले जाते त्याला फुकट मिळतो. आपल्या मुलांना तो मुद्दाम मिळवून द्यावा लागतो.

वर्षाची किंमत कोण देतो?

आता खर्चाची बाजू. परीक्षेची फी अनुसूचित जाती-जमातींच्या आणि अपंग उमेदवारांस निम्मी असते. तेवढ्यावरून पुन्हा बसणे स्वस्त आहे असे वाटते. खरी किंमत फीमध्ये नाही. वर्गाचे शुल्क, शहरातील खोलीचे भाडे, जेवणाचा खर्च आणि त्या वर्षात न मिळालेला पगार, या चारांची बेरीज करून ती कागदावर लिहावी. तोंडी हिशेब करू नये. घरातील कोणाच्या तोंडचा घास त्या बेरजेत आहे, तेही लिहावे. बाप ‘तू काळजी करू नकोस’ असे म्हणतो तेव्हा तो प्रेमाने बोलत असतो. पण कर्ज प्रेमाने फिटत नाही.

या कारणास्तव आमचा स्पष्ट सल्ला असा की, ज्याला पुन्हा बसावयाचे आहे त्याने शक्यतो नोकरी करीत बसावे. अनेक संस्थांच्या धोरणात नोकरीच्या अनुभवाला गुण आहेत, म्हणजे वर्ष दोन्ही अंगांनी उपयोगी पडते. घरातील ओढाताण थांबते. आणि दुसऱ्या खेपेसही यश न आल्यास हात रिकामे राहत नाहीत. नोकरी सोडून केवळ परीक्षेसाठी बसणे हा शेवटचा उपाय समजावा. मात्र नोकरी पत्करताना एक गोष्ट तपासावी. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र शासनाची ‘टॉप क्लास’ शिष्यवृत्ती आहे. तिच्यात सूचीतील संस्थांतील शिक्षणशुल्काचा भार शासन उचलते, परंतु कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांच्या आत असावे लागते आणि प्रत्येक संस्थेस ठराविकच शिष्यवृत्त्या असतात. आपला पगार धरून आपले घर त्या मर्यादेत राहते काय, हे नियमावलीवरून आधीच पाहून घ्यावे. नामवंत संस्थांतील दोन वर्षांचे शुल्क आज वीस-पंचवीस लाखांच्या घरात गेले असता या शिष्यवृत्तीचा विचार न करता केलेला कोणताही हिशेब अपुरा होय.

याच्या उलट बाजूचाही विचार केला पाहिजे. यंदाच्या गुणांवर मिळणारी जागा जर भरमसाट शुल्क घेणाऱ्या, शिक्षकवर्ग अपुरा असलेल्या आणि नोकरी मिळवून देण्याच्या केवळ जाहिराती करणाऱ्या खाजगी संस्थेत असेल, तर कर्ज काढून ती घेण्यापेक्षा एक वर्ष कामधंदा करून पुन्हा परीक्षेस बसणे शंभर पटींनी बरे. आणि ‘कॅट’ नाही तर काहीच नाही, असेही नाही. महाराष्ट्र राज्याची व्यवस्थापन प्रवेशासाठी स्वतंत्र सामाईक परीक्षा आहे. मुंबई विद्यापीठाची १९६५ साली स्थापन झालेली जमनालाल बजाज संस्था तिच्या मार्गाने प्रवेश देते, आणि तिचे शुल्क वर सांगितलेल्या आकड्यांच्या मानाने पुष्कळ कमी आहे. ज्याच्या दारात ही वाट आहे त्याने तिच्याकडे पाठ फिरवून केवळ नावासाठी वर्ष घालवू नये.

राखीव जागेची लाज कशासाठी?

आता ज्या कारणाने हा लेख लिहावा लागला त्या कारणाकडे वळतो. अलीकडे आपल्यातील काही हुशार तरुण असे बोलताना आढळतात की, ‘मला प्रवेश मिळतो आहे, पण राखीव जागेवर. तेथे गेलो की लोक माझे गुण विचारतील. त्यापेक्षा मी पुन्हा बसेन आणि खुल्या जागेइतके गुण मिळवूनच जाईन.’ या बोलण्यात स्वाभिमान आहे, आणि स्वाभिमानाला आम्ही कधीही कमी लेखणार नाही. परंतु हा स्वाभिमान चुकीच्या पायावर उभा आहे.

राखीव जागा ही कोणाची मेहेरबानी नाही. २००५ सालच्या ९३ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १५ मध्ये पाचवे उपकलम आले. त्याच्या आधारे २००६ साली संसदेने केंद्रीय शिक्षणसंस्थांतील प्रवेशाचा कायदा केला आणि त्यात अनुसूचित जातींस शेकडा १५, अनुसूचित जमातींस शेकडा साडेसात व इतर मागासवर्गांस शेकडा २७ जागा नेमून दिल्या. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरविला. त्या जागेवर बसणारा विद्यार्थी आपल्या हक्काच्या जागेवर बसतो. वारसाहक्काने मिळालेल्या शेतात उभा राहणारा मुलगा ‘हे शेत मी विकत घेतलेले नाही’ म्हणून लाजतो काय? आणि येथे तर वारसा नाकारल्याची भरपाई आहे.

दुसरा मुद्दा गुणवत्तेचा. जानेवारी २०२२ मध्ये वैद्यकीय प्रवेशाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सकारण निर्णय दिला. स्पर्धापरीक्षेतील गुण म्हणजेच गुणवत्ता असे समीकरण मांडता येत नाही. काही वर्गांना पिढ्यान्‌पिढ्या मिळालेले सामाजिक, आर्थिक आणि सांस्कृतिक लाभ त्या गुणांत उतरलेले असतात आणि ते लाभ परीक्षा दाखवीत नाही, असे त्या निर्णयाचे तात्पर्य आहे. मराठी शाळेतून येऊन, सायंकाळी दुकानात काम करून एखाद्याने मिळविलेले ८५ शततमक आणि लहानपणापासून इंग्रजी ग्रंथांच्या कपाटाशेजारी वाढलेल्याने मिळविलेले ९५ शततमक, यांत कोणाची धाव लांब पल्ल्याची, हे निकालपत्रावरून कळत नाही. देशाच्या सर्वोच्च न्यायासनाला जे पटले, ते आपल्या तरुणास स्वतःविषयी पटू नये, हे दुर्दैव आहे.

तिसरा मुद्दा व्यवहाराचा. जातीवरून टोमणा मारणारा मनुष्य गुण पाहून टोमणा मारीत नाही. तो आडनाव पाहून मारतो. खुल्या जागेइतके गुण घेऊन गेलात तरी त्याला आपली जात कळली की तो तेच म्हणणार. त्याचे तोंड बंद करण्यासाठी आपल्या आयुष्याचे एक वर्ष देणे म्हणजे ज्याचे आपल्याला काही देणे लागत नाही अशा सावकाराला व्याज भरणे होय. त्याला उत्तर द्यावयाचे असेल तर ते वर्गातील अभ्यासाने आणि गरज पडल्यास संस्थेतील तक्रार-व्यवस्थेकडे लेखी अर्ज करून द्यावे.

एक प्रामाणिक आक्षेप मात्र विचारात घेतला पाहिजे. काही तरुण म्हणतात, ‘मी खुल्या जागेवर गेलो तर माझी राखीव जागा माझ्याहून गरीब भावाला मिळेल.’ हा विचार उदात्त आहे. परंतु त्यासाठी राखीव जागेवर हक्क सांगण्याचे सोडावे लागत नाही. खुल्या गुणवत्तेत बसणारा मागासवर्गीय उमेदवार खुल्या जागेतच मोजावा, त्याच्यामुळे राखीव जागा कमी होऊ नये, हे तत्त्व न्यायालयांनी मान्य केलेले आहे. महाराष्ट्रातील वैद्यकीय प्रवेशाच्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने तेच सांगितले, आणि अशा उमेदवारास संस्था निवडताना नुकसान होऊ नये हेही सांगितले. तेव्हा अर्जात आपला प्रवर्ग लिहावा, गुण जितके मिळविता येतील तितके मिळवावे. कोणत्या जागेवर बसवावयाचे ते नियम ठरवील. शिवाय यंदा मिळालेली जागा सोडून पुढील वर्षी आपण पुन्हा राखीव जागेसाठीच उभे राहिलो, तर पुढील वर्षीच्या धाकट्या भावाशीच आपली स्पर्धा होईल, याचाही विसर पडू नये.

थोडक्यात, चांगल्या संस्थेत, शिष्यवृत्तीसह, राखीव जागेवर प्रवेश मिळत असेल तर तो घ्यावा. केवळ टोमण्याच्या भीतीने पुन्हा परीक्षेस बसू नये.

‘मिळाले ते पुष्कळ’ हाही सल्ला नको

याच्या दुसऱ्या टोकाला आपल्यातील वडीलधारी मंडळी उभी असतात. ‘आपल्या घरात कोणी पदवीपर्यंत गेले नव्हते, तू गेलास, आता बँकेत लाग.’ त्यांच्या बोलण्यामागे अनुभवाचे चटके आहेत, म्हणून त्यांचा उपहास करू नये. परंतु तो सल्ला जसाच्या तसा मानूही नये. पहिल्या खेपेचे अपयश ही अपात्रतेची साक्ष नव्हे, याचे उदाहरण आपल्याला दूर शोधावे लागत नाही. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना लंडनमधील शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. परत येऊन ते हात जोडून बसले नाहीत. १९१८ साली मुंबईच्या सिडनेहॅम कॉलेजात, म्हणजे वाणिज्य शिकविणाऱ्या संस्थेतच, ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, पगारातून पैसा साठविला, काही कर्ज व साहाय्य मिळविले आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. पुढे रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध परीक्षकांनी पुन्हा लिहून आणण्यास सांगितला, तेव्हा त्यांनी निष्कर्ष न बदलता तो नव्याने लिहून पाठविला आणि १९२३ साली डी. एस्‌सी. ही पदवी मिळविली.

या उदाहरणातून ‘पुन्हा प्रयत्न करा’ एवढाच बोध घेतला तर तो अपुरा राहील. दुसरा प्रयत्न करण्यापूर्वी त्यांनी मुदत किती, पैसा कोठून येणार आणि दरम्यान उपजीविका कशी चालणार, हे तिन्ही ठरविले होते. असा दुसरा प्रयत्न आम्हाला मान्य आहे. केवळ मन मानीत नाही म्हणून, कोणताही आराखडा न करता, पहिल्याच पद्धतीने दुसऱ्यांदा बसणे आम्हाला मान्य नाही.

अपयश गुणांचे की कागदांचे?

वकिलीच्या व्यवसायात एक गोष्ट वारंवार दिसते. कित्येकांचे प्रवेश गुणांअभावी जात नाहीत, कागदांअभावी जातात. आणि ते मात्र समजतात की परीक्षा पुन्हा द्यावी लागेल. ‘कॅट’चा अर्ज भरतेवेळीच प्रवर्ग लिहावा लागतो आणि विहित नमुन्यातील जातीचे प्रमाणपत्र जोडावे लागते, नोंदणी झाल्यावर प्रवर्ग बदलून मिळत नाही. आपल्या बौद्ध बांधवांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. १९५६ साली धर्मांतर झाल्यानंतर केंद्रीय सवलतींसाठी आपल्याला १९९० पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात दुरुस्ती होऊन हिंदू व शीख यांच्याबरोबर बौद्धांचाही उल्लेख झाला. हा हक्क आता निर्विवाद आहे; परंतु प्रमाणपत्रात मूळ अनुसूचित जातीचा उल्लेख, तो आदेश आणि सक्षम अधिकाऱ्याची सही या बाबी केंद्राच्या नमुन्याप्रमाणे आहेत की नाहीत, हे अर्जापूर्वी तपासले नाही तर हक्क असूनही उमेदवार दाराबाहेर राहतो. पदवीला ४५ टक्के गुण असलेला अनुसूचित जातीचा उमेदवार या परीक्षेस पात्र असतो. आपल्याला ५० टक्के लागतात असे समजून घरी बसणारेही आढळतात.

शुल्क भरण्याच्या मुदतीचेही तसेच. २०२४ साली उत्तर प्रदेशातील एका मजुराच्या मुलाला धनबादच्या आयआयटीची जागा मिळाली होती. १७,५०० रुपये वेळेत भरता आले नाहीत म्हणून ती गेली. त्या परीक्षेला दोनच वेळा बसता येते आणि त्याच्या दोन्ही खेपा संपल्या होत्या. अखेर ३० सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपला विशेषाधिकार वापरून त्याला प्रवेश देवविला. न्याय मिळाला, याचा आनंद आहे. परंतु प्रत्येक मुलाला दिल्लीपर्यंत जाता येत नाही. म्हणून प्रवेशाची पहिली रक्कम निकालापूर्वीच बाजूला काढून ठेवणे, हे अभ्यासाइतकेच महत्त्वाचे समजावे.

समाजाने काय करावे?

उमेदवाराला उपदेश करून आपले कर्तव्य संपत नाही. गावोगावच्या विहारांत सायंकाळी दोन तास दिवा, टेबल आणि शांतता मिळाली तर कितीतरी मुलांच्या वाचनाचा प्रश्न सुटेल. जे आपले बांधव या संस्थांतून शिकून मुंबई, पुणे, नागपूर येथे नोकरीत आहेत, त्यांनी वर्षातून चार रविवार मुलाखतीच्या सरावासाठी द्यावेत. प्रवेशाच्या पहिल्या हप्त्यापुरती रक्कम उसनवार देणारा छोटा निधी प्रत्येक तालुक्यात उभा राहू शकतो. जयंतीच्या वर्गणीतील एक भाग त्याकडे वळविला तरी तो उभा राहील. मुलीचा निर्णय तिच्या हिशेबाने व्हावा, लग्नाच्या मुहूर्ताने होऊ नये, हेही समाजानेच ठरवावयाचे आहे.

तरुण बंधुभगिनींनी आता एक कोरा कागद घ्यावा आणि त्यावर चार ओळी लिहाव्यात. माझ्या निकालातील नेमके काय कमी पडले? ते एका वर्षात बदलू शकते काय, आणि कशाने? त्या वर्षाचा खर्च किती आणि तो कोण सोसणार? आणि आज माझ्या हातात असलेली जागा कशी आहे? पहिल्या दोन ओळींची उत्तरे स्पष्ट असतील, तिसरीचा भार घर सोसू शकत असेल आणि चौथी ओळ समाधानकारक नसेल, तर खुशाल पुन्हा बसावे. कोणी हसले तरी बसावे. चौथी ओळ समाधानकारक असेल तर ताठ मानेने प्रवेश घ्यावा. कोणी टोमणा मारला तरी घ्यावा. ‘लोक काय म्हणतील’ ही पाचवी ओळ त्या कागदावर लिहू नये. लोकांच्या म्हणण्यावर आपल्या पूर्वजांची कित्येक शतके गेली. आपले एक वर्षही त्यावर जाता कामा नये.